नियम म्हणजे टेबलावर दिलेला शब्द

ताई, आम्ही पाच जण आणि डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट आणि नियम सांभाळणारा) असे दर रविवारी दुपारी कर्वेनगरला माझ्या मावसभावाकडे डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकत पात्रं वठवायचा खेळ खेळतो. डीएम तोच, माझ्याहून बराच मोठा. कॉलेजात असताना मी एकांकिका केल्या, पुरुषोत्तम एकांकिका स्पर्धेतही उतरले. म्हणून कॅरेक्टरही तसंच निवडलं. गावोगाव सोंगं घेऊन फिरणारी बहुरूपी मुलगी, क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, ‘रोग’ (इंग्रजी rogue, चलाख आणि लपूनछपून काम करणारी). तिची चार पानी बॅकस्टोरी लिहिली. आता आम्ही पाचव्या लेव्हलला आहोत आणि ती मला कुचकामी वाटायला लागली आहे. दादा म्हणतो, लपलेली नसशील तर स्नीक अटॅक (रोगच्या वाराला मिळणारे जादा फासे) मिळणार नाही. त्यामुळे लढाईत मी नुसती टोचत बसते. शेजारचा मित्र इंजिनिअर आहे. त्याने पॅलाडिन आणि वॉरलॉक हे दोन क्लास एकत्र करून असं बिल्ड (पात्राची जुळणी) आणलंय की राक्षस एका राउंडमध्ये (सगळ्यांची एकेक पाळी होईतो) आडवा होतो. वाद झाला की तो कधी नियमांचं जुनं पुस्तक (२०१४ चं) काढतो, कधी नवं (२०२४ चं). मागच्या रविवारी त्याने आमच्यातल्या क्लेरिक क्लासच्या खेळाडूला सुचवलं की पाणी निर्माण करायचा स्पेल (मंत्र) शत्रूच्या फुप्फुसात टाक. दादा नाही म्हणाला आणि त्यावर पाऊण तास गेला. मी माझं म्हणणं मांडायला गेले तर मोठ्या भावाला सगळ्यांसमोर उलट बोलल्यासारखं होतं. बॅकस्टोरीचा तर आजवर एकदाही विषय निघालेला नाही. कॅरेक्टर बदलू का?
– बहुरूपी, कर्वेनगर

प्रिय बहुरूपी,

कॅरेक्टर बदलू नकोस. तुझी मुलगी चांगली बांधलेली आहे. अडलंय ते दुसरीकडे, आणि ते सोडवता येण्यासारखं आहे.

आधी स्नीक अटॅकचा निकाल लावते, कारण त्यात मधला मार्ग काढायची गरजच नाही. पुस्तकाप्रमाणे तुझं बरोबर आहे. स्नीक अटॅकसाठी लपलेलं असण्याची अट कुठेही लिहिलेली नाही. शस्त्र फिनेसचं (चपळाईने चालवता येणारं) किंवा लांबून मारायचं हवं आणि हल्ल्याला अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेणं) हवा. अ‍ॅडव्हान्टेज नसेल तरी तुझा एखादा साथीदार त्या शत्रूच्या ५ फुटांच्या आत शुद्धीवर आणि हातपाय चालत उभा असला आणि तुला डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोनातला लहान आकडा घ्यावा लागणं) नसला की झालं. २०१४ च्या आणि २०२४ च्या पुस्तकात शब्द थोडे वेगळे आहेत, अर्थ हाच आहे. म्हणजे तुमचा पॅलाडिन समोरून राक्षसाशी भिडलेला असताना तू बाजूने सुरी खुपसलीस की जादाचे फासे तुझे. नावावरून दादाचा समज झाला असणार. हा घोळ फार टेबलांवर होतो, त्यात त्याचा हेतू वाईट नाही.

पण ‘पुस्तकात असं लिहिलंय’ एवढंच त्याला सांगू नकोस. तसं का लिहिलंय ते दाखव, त्याला पटेल. पाचव्या लेव्हलचा फायटर एका टर्नमध्ये, म्हणजे आपल्या पाळीत, दोनदा वार करतो. मोठी दुहाती तलवार, स्ट्रेंग्थ (ताकद) १८ धरली तर प्रत्येक वाराला सरासरी ११, दोन्ही लागले तर २२. तुला एकच वार आहे. छोटी तलवार आणि डेक्स्टेरिटी (चपळाई) १८ धरली तर त्याचे सरासरी साडेसात होतात. त्यात स्नीक अटॅकचे तीन सहा बाजूंचे फासे, म्हणजे सरासरी साडेदहा, मिळवले की १८. लिहिणाऱ्यांनी हा क्लास मांडतानाच हिशोब असा धरलाय की जवळजवळ प्रत्येक टर्नला तुला हे साडेदहा मिळतील. म्हणून तर तुला दुसरा वार दिलेला नाही, जाड चिलखत दिलेलं नाही, आणि हिट पॉइंटही (किती मार सोसता येतो तो आकडा) फायटरपेक्षा कमी आहेत. दादाच्या निर्णयाने तुझे १८ साडेसातवर आले. टोचत बसल्यासारखं वाटणारच.

माझं मुख्य म्हणणं इथेच आहे. कॅरेक्टर शीट भरताना आपण एक सौदा करतो. काय काय सोडून द्यायचं ते आपण ठरवतो आणि बदल्यात पुस्तक आपल्याला काहीतरी देऊ करतं. तो दिलेला शब्द असतो आणि सगळं टेबल त्याला साक्षी असतं. त्यामुळे कॅम्पेनच्या (अनेक रविवार चालणाऱ्या एका गोष्टीच्या) मध्यावर नियमाचा अर्थ बदलणं ही नुसती नियमाची गोष्ट राहत नाही, त्यात कुणाचं तरी कॅरेक्टर बदलतं. डीएमला नियम बदलण्याचा पूर्ण अधिकार आहे. खेळ डीएमचा आहे, नियमांचा नाही, असं पुस्तकच डीएमला सांगतं. तरी हा अधिकार वापरताना ज्याचं काही जातंय त्याला आधी विचारायला हवं आणि त्या जागी काहीतरी द्यायला हवं. तू कमी पडत नाहीयेस. तुला दिलेलं मधेच थांबलंय. दादाशी बोलताना सूर हाच ठेव.

रविवारी मात्र बोलू नकोस. सगळे फासे मांडून बसलेत, मधे भडंगाचा वाडगा फिरतोय आणि दादाच्या डोक्यात पुढच्या चार खोल्यांचे नकाशे आहेत. त्या क्षणी कुणीही डीएम बचावातच जाईल, आणि तो तुझा मोठा भाऊ असेल तर जास्तच. बुधवारी-गुरुवारी फोन कर किंवा मेसेज टाक. ‘दादा, माझ्या कॅरेक्टरबद्दल दहा मिनिटं हवी होती. स्नीक अटॅकचा परिच्छेद पुन्हा वाचला, तुला पाठवते. तुझ्या वाचण्यात काही वेगळं आलं तर सांग. तुला हा नियम तुझ्या जगात चालणार नसेल तर त्याऐवजी मला काय देता येईल ते आपण बघू.’ यात उलट बोलणं कुठेच नाही. उलट तू त्याच्याकडे डीएम म्हणून निर्णय मागते आहेस. आणि खरं सांगायचं तर बहुतेक डीएमना असा मेसेज आला की बरंच वाटतं, कारण टेबलावर कोण खट्टू झालंय हे त्यांना पडद्यामागून दिसत नाही.

तोवर तुझ्या हातात असलेल्या गोष्टी तपास. दुसऱ्या लेव्हलपासून कनिंग अ‍ॅक्शन आहे, म्हणजे बोनस अ‍ॅक्शनमध्ये (टर्नमधल्या एका जादा छोट्या कृतीत) तू लपू शकतेस. दादाच्या आत्ताच्या अर्थानेही तुला काही टर्न साधता येतील. तुम्ही २०२४ चं पुस्तक वापरत असाल तर तिसऱ्या लेव्हलला स्टेडी एम मिळतं. त्या टर्नला हलली नसलीस तर बोनस अ‍ॅक्शन खर्च करून पुढच्या हल्ल्याला अ‍ॅडव्हान्टेज घेता येतो. आणखी एक, जे बरेच खेळाडू वाचताना सोडून देतात. स्नीक अटॅक ‘प्रत्येक टर्नला एकदा’ आहे, ‘राउंडला एकदा’ नाही. शत्रू तुझ्या जवळून पळाला आणि रिअ‍ॅक्शनमध्ये (दुसऱ्याच्या पाळीत करता येणाऱ्या कृतीत) तू वार केलास तर ती त्याची टर्न असते, म्हणून अटी जुळल्या तर ते फासे पुन्हा मिळतात. हे दादाला आधीच सांगून ठेव, ऐन लढाईत काढू नकोस. नाहीतर तुझ्या शेजारच्या मित्रात आणि तुझ्यात फरक राहणार नाही.

आता तो मित्र. त्याच्यावर रागवायच्या आधी एक लक्षात घे: बिल्ड ताकदवान असणं हा काही गुन्हा नाही. पॅलाडिन आणि वॉरलॉक दोघांचाही भार करिष्मावर (छाप पाडण्याच्या गुणावर) आहे. मल्टीक्लास, म्हणजे दोन क्लास एकत्र, करताना दोन्ही क्लासच्या मुख्य अ‍ॅबिलिटीत (गुणात) १३ लागतात, आणि ते जुळवण्यात त्याने विचार केलाय. कुणी कवितेत रमतं, कुणी आकड्यांत, आणि आकड्यांवर प्रेम असणारा माणूस टेबलावर असावाच. खटकतं ते वेगळंच आहे: तो दोन पुस्तकांतून हवं ते उचलतो. पॅलाडिनचं डिव्हाइन स्माइटच बघ, वाराला जादा दैवी नुकसान जोडणारं. २०१४ च्या नियमात वार लागल्यावर ते वापरायचं आणि एका टर्नमध्ये जितके वार लागतील तितक्या वेळा वापरता येतं, फक्त स्पेल स्लॉट (मंत्रांचा ठरलेला साठा) संपायला नकोत. २०२४ मध्ये ते बोनस अ‍ॅक्शनचा स्पेल झालं, म्हणजे टर्नला एकदाच. लपण्याचंही तसंच. जुन्या पुस्तकात लपण्यासारखी परिस्थिती आहे की नाही हे डीएम ठरवतो. नव्यात आडोसा वगैरे असेल तर स्टेल्थला (लपण्याच्या कौशल्याला) १५ ची डीसी (फाशाने गाठायचा आकडा) गाठायची आणि गाठली तर इन्व्हिजिबल (न दिसणं) ही कंडिशन मिळते. दोन्ही पुस्तकं आपापल्या जागी नीट तोललेली आहेत. एकातलं स्माइट आणि दुसऱ्यातला नवा फायदा असं ताट वाढून घेतलं की तोल जातो, आणि तो बाकीच्या चौघांच्या वाट्यातून जातो.

म्हणून पुढच्या रविवारी खेळ सुरू होण्याआधी दादाने एवढंच विचारावं: आपलं पुस्तक कुठलं? २०१४ म्हणा नाहीतर २०२४, पण एक. परदेशी छापील पुस्तकं महाग पडतात, म्हणून ज्याच्याकडे जे असेल ते तो आणतो आणि असं मिश्रण होतं, हे मला कळतं. पण मूळ नियमांचा मोठा भाग इंटरनेटवर अधिकृतपणे मोफत आहे. जुन्या आवृत्तीचा नियमसंच जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला आणि नव्याचा २०२५ मध्ये. दोन्ही एसआरडी (सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट) या नावाने सापडतात. सगळ्यांच्या मोबाइलवर एकच फाइल असली की अर्धे वाद तिथेच मिटतात.

फुप्फुसातल्या पाण्याचा वाद जरा खोलात बघू, कारण नियम वाचायची रीत त्यातून चांगली कळते. स्पेल म्हणतो की १० गॅलनपर्यंत, म्हणजे साधारण ३८ लिटर, स्वच्छ पाणी उघड्या भांड्यात तयार होतं. मित्राचा युक्तिवाद असा असणार: फुप्फुस पोकळ आहे, तोंड उघडं आहे, म्हणजे ते उघडं भांडं झालं. आता बघ. पुस्तकाने ‘भांडं’ या शब्दाची वेगळी व्याख्या दिलेली नाही. अशा वेळी शब्दाचा रोजचा अर्थ धरायचा असतो, आणि रोजच्या बोलण्यात कुणी जिवंत माणसाच्या छातीला भांडं म्हणत नाही. तेवढ्याने समाधान झालं नाही तर त्याच लेव्हलचे शेजारी बघायचे. मॅजिक मिसाइल हा पहिल्या लेव्हलचा स्पेल कधी चुकत नाही, आणि त्याचं नुकसान सरासरी साडेदहा. शत्रूला कुठलाही सेव्ह (बचावाचा फासा) न देता थेट मारून टाकणारा पॉवर वर्ड किल हा नवव्या लेव्हलचा आहे, तोही १०० किंवा कमी हिट पॉइंट उरले असतील तरच. मग पहिल्या लेव्हलच्या पाण्याने नवव्या लेव्हलचं काम होईल असं लिहिणाऱ्यांच्या मनात असेल का? दादाचा निर्णय अगदी योग्य होता. तुमच्या टेबलावर हे त्याला कुणीतरी मोठ्याने सांगायला हवं. तूच सांग.

या खेळाच्या वर्तुळात नियमाकडे बघण्याचे तीन कोन सांगितले जातात: नियम जसा लिहिलाय तसा, लिहिणाऱ्याच्या मनात होता तसा, आणि टेबलावर ज्याने मजा येईल तसा. तुझा मित्र पहिल्या कोनातून हलत नाही. दादा स्नीक अटॅकच्या वेळी नावावर गेला आणि पाण्याच्या वेळी हेतूवर. तुम्ही सगळे नियम मानणारे आहात. फक्त कधी कुठला कोन धरायचा हे तुमचं ठरलेलं नाही. माझं मत स्पष्ट आहे. रोजच्या गोष्टींत, म्हणजे वार, हालचाल, क्लासची वैशिष्ट्यं यांत, लिहिलंय तसं चालावं, कारण त्यांच्या भरवशावर माणसांनी कॅरेक्टर बांधलेली असतात. कुणी पुस्तकाने कल्पनाच न केलेला उपयोग काढला तर तिथे हेतू बघावा. २०२४ चं डीएमचं पुस्तकही स्पष्ट म्हणतं की नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे आणि ते सद्‌भावनेने वाचावे लागतात. शेकडो गावकऱ्यांना रांगेत उभं करून सहा सेकंदांच्या एका राउंडमध्ये काठी हातोहात पुढे सरकवायची आणि शेवटी ती तोफगोळ्याच्या वेगाने सुटेल असं म्हणायचं, ही जुनी क्लृप्ती तुझ्या मित्राला नक्की माहीत असेल. त्याला विचार, असा खेळ तू आठवडाभर वाट बघून खेळायला येशील का? तो प्रामाणिक वाटतो, उत्तर देईल.

आणि त्याला काम द्या. वाद निघाला की पुस्तकातला परिच्छेद शोधायची जबाबदारी त्याची. मिनिटभरात सापडला तर वाचायचा. नाही सापडला तर दादा सांगेल ते त्या दिवसापुरतं चालेल, वहीत एका ओळीत टिपायचं आणि पुढच्या रविवारच्या आधी ग्रुपवर मिटवायचं. हा खेळ १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तीन छोट्या पुस्तिकांत काढला, तेव्हा त्यात इतक्या जागा मोकळ्या होत्या की प्रत्येक टेबलाला त्या आपापल्या निर्णयांनी भराव्या लागल्या. मोकळ्या जागा आजही आहेत. वही ठेवणारं टेबल भांडत कमी बसतं, कारण आपण मागे काय ठरवलं होतं हे सगळ्यांना दिसतं.

आता मला जिव्हाळ्याचा विषय, तुझी बहुरूपी. चार पानं कुणी विचारली नाहीत याचं तुला वाईट वाटलं, ते साहजिक आहे. पण पुरुषोत्तमच्या वेळी भरत नाट्य मंदिरात तुला परीक्षकांनी तुझ्या पात्राच्या बालपणाबद्दल विचारलं होतं का? पात्राचा भूतकाळ तू तालमीत लिहिलास, आणि रंगमंचावर तो आला तो पाणी मागण्याच्या, दार लावण्याच्या पद्धतीतून. इथेही तसंच आहे, आणि शिवाय इथे संहिता कुणाकडेच नाही. दादाकडेही नाही. त्याला चार पानांतून हाताला धरता येईल असं काही सापडलं नसेल. चार पानांचं अर्धं पान कर. त्यात एक जिवंत माणूस असू दे, ज्याचं तू काही देणं लागतेस. एक सोंग असू दे जे तू पुन्हा कधीही घेणार नाहीस, आणि ते का घेणार नाहीस हे फक्त दादाला ठाऊक असू दे. एक प्रश्न असू दे ज्याचं उत्तर तुलाही माहीत नाही, म्हणजे ते दादाला रचता येईल. ज्या गोष्टी घडून संपल्या त्यांचं डीएमला काही करता येत नाही. अर्धवट राहिलेल्या गोष्टी त्याला पुढे नेता येतात.

आकड्यांतही पात्र असतं, तिकडे दुर्लक्ष करू नकोस. तुम्ही १५, १४, १३, १२, १०, ८ हे ठरलेले आकडे सहा अ‍ॅबिलिटींत वाटून घेतले असतील तर मला सांग, ८ कुठे टाकलास? बहुतेक जण तो स्ट्रेंग्थमध्ये दडवतात आणि विसरून जातात. विझडममध्ये (समज, पारख) ८ असलेली बहुरूपी म्हणजे लोकांना सहज फसवणारी, पण स्वतः कुणी फसवलं तर न ओळखणारी. अशी मुलगी मला टेबलावर बघायला आवडेल. ८ स्ट्रेंग्थमध्येच असेल तर तेही खेळात आण: दोर चढताना मदत माग, जड दार बघून युक्ती शोध.

लढाईच्या आधी तू काय करतेस, हाही मोठा भाग आहे. बहिर्जी नाईकांबद्दल आपण जे ऐकत आलोय त्यात तलवारबाजी कमी आणि सोंगं, खबरा, आधीच पाहून ठेवलेल्या वाटा जास्त आहेत. तुझ्या मुलीने तेच करावं. दादाला सांग, ‘पुढच्या गढीत शिरायच्या आदल्या दिवशी मी ज्योतिषीण बनून आत जाते.’ रोगला पहिल्या लेव्हलला दोन स्किल्समध्ये (कौशल्यांत) एक्स्पर्टाइज, म्हणजे प्रावीण्याचा दुप्पट बोनस, मिळतं. तू एक डिसेप्शनला (फसवण्याला) दिलं असशील आणि करिष्मा १४ असेल, तर पाचव्या लेव्हलला तुझा बोनस ८ होतो. मध्यम अवघड कामाची डीसी १५ धरली तर ७ किंवा वर पडलं की काम झालं, म्हणजे शंभरात ७० वेळा. पॅलाडिन लाख मारो, पहारेकऱ्यांची पाळी कधी बदलते हे तुझ्याशिवाय कळणार नाही.

इथे एक जपायचं. तू अभिनय जाणतेस, म्हणून तुझं बोलणं ऐकून दादा रोल न घेताच हो म्हणेल असंही होईल. तसं झालं तरी तूच फासा उचल. तुमच्यात कुणी लाजाळू असेल, तर ‘मी त्याला गोड बोलून वळवतो’ एवढंच म्हणून रोल करण्याचा हक्क त्यालाही आहे, आणि तो तुझ्या सफाईदार संवादापुढे फिका पडता कामा नये. (हो, अ‍ॅबिलिटी चेकला (एखादं काम जमतं का हे ठरवणाऱ्या फाशाला) २० पडले म्हणजे आपोआप यश असं पुस्तकात नाही, ते हल्ल्याच्या रोलला आहे. हाही वाद तुमच्याकडे येईलच.)

पुढची लेव्हल सहावी. त्या लेव्हलला रोगला आणखी दोन स्किल्समध्ये एक्स्पर्टाइज मिळतं. एक परफॉर्मन्सला दे, सोंग वठवायला ते लागेलच. दुसरं आत्ताच ठरवू नकोस. आधी ते अर्धं पान दादाला पाठव आणि त्याला विचार की या मुलीला पुढे कुठल्या गावी जावं लागणार आहे. तो जे सांगेल त्यावरून निवड.

– ताई